एकच तर घेतलं!

बी.कॉम. झालेल्या माणसानं तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. मलाही ते मान्य आहे. माझं सगळं तत्त्वज्ञान 'जमा बरोबर नावे' एवढ्यात आटोपतं. संध्याकाळी कॅश जुळली की मोक्ष, दहा रुपये कमी आले की पुनर्जन्म. पण गेल्या महिन्यात कन्येनं शाळेतून 'नामशेष झालेले प्राणी' हा प्रकल्प घरी आणला आणि मी गोत्यात आलो. शाळा प्रकल्प मुलांना देते, पण तो पोचतो बापाला, हे आपण जाणताच. डोडो पहिल्या बाकावरच्या मुलीनं आधीच पटकावला होता. आमच्या वाट्याला उरलं कासव.

"कासव कुठे नामशेष झालंय? देवळात आहे की," मी म्हणालो.

"ते दगडाचं, बाबा! हे रॉड्रिग्ज बेटावरचं. राक्षसी."

हे बेट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर. म्हणजे मुंबईच्या उपनगरांत सहज हरवेल. तिथे दोन जातींची मोठी कासवं होती. एकीची पाठ घुमटासारखी, दुसरीची खोगिरासारखी. ही दुसरी लांब मान वर करून झुडपांचा पाला खायची. बेटावर त्यांना शत्रू असा नव्हताच, त्यामुळे त्यांची कवचं पातळ झाली होती. चोरच नाहीत, तर तिजोरीचं दार जाड हवं कशाला?

१६९१ साली धर्मासाठी परागंदा झालेला फ्रान्स्वा लेगा नावाचा फ्रेंच प्रोटेस्टंट मोजक्या सोबत्यांसह तिथे उतरला आणि दोन वर्षं राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की, कासवांचे दोन-तीन हजारांचे कळप दिसत आणि त्यांच्या पाठींवरून शंभरावर पावलं चालत जाता येई. आणखी एक गंमत त्यानं टिपली आहे. म्हणे, कळपाच्या चारी कोपऱ्यांवर एकेक कासव कळपाकडे पाठ करून, बाहेर टक लावून पहारेकऱ्यासारखं बसे. ज्यांना पळता येत नाही आणि लढताही येत नाही, त्यांना पहारा कशाला, हे कोडं काही त्याला सुटलं नाही. त्याला ते सुटलं नाही, कारण तो कधी बँकेत आला नव्हता. आमच्या दारातल्या बंदूकवाल्याची बंदूक शेवटची कधी उडाली, हे त्यालाही आठवत नाही. पण तो बाहेर बघत बसलाय, या विश्वासावर आम्ही आत निवांत चहा पितो.

लेगाला कासवाची कालेजी फार आवडली, हेही त्यानं लिहिलंय. तो परत गेला. १७३५ साली ला बुर्दोने मॉरिशसचा गव्हर्नर होऊन आला आणि रॉड्रिग्जहून कासवं आणायची रीतसर व्यवस्था लागली. खलाशांना ताजं मांस हवं, इस्पितळातल्या रोग्यांना पथ्याचं हवं. कासव अन्नपाण्यावाचून जहाजाच्या पोटात महिनोन् महिने जिवंत राहतं. हा त्याचा गुण. आणि त्या गुणानंच त्याचा घात केला. जहाजं हजारांनी कासवं उचलू लागली. १७६१ साली पँग्रे नावाचे खगोलशास्त्रज्ञ सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना पाहायला या बेटावर आले. साडेतीन महिन्यांत त्यांनी शुक्र पाहिला एक दिवस आणि कासव खाल्लं जवळजवळ रोज. सूप, तळलेलं, शिजवलेलं, अंडी, कालेजी. खाणावळीचा फळाच म्हणा ना! १८०० च्या सुमारास कळप संपले.

तक्त्यावर हिरवा रंग देता देता कन्येनं विचारलं, "बाबा, मग शेवटचं कासव कुणी खाल्लं?"

प्रश्न साधा, पण मी ब्रश खाली ठेवला. मनातल्या मनात एकेकाला काउंटरवर बोलावलं. लेगा म्हणाला, "आम्ही आठ माणसं, कासवं हजारो. आम्ही खाऊन खाऊन किती खाणार?" कप्तान म्हणाला, "माझी माणसं हिरड्या सुजून मरत होती." गव्हर्नर म्हणाला, "मी रोग्यांसाठी मागवली, स्वतःसाठी नव्हे." पँग्रे म्हणाले, "मी पाहुणा. पानात पडेल ते खाल्लं." प्रत्येकाचं म्हणणं बरोबर. प्रत्येक चेकवर सही अस्सल, तारीख ठीक, रक्कम माफक. आणि खातं मात्र रिकामं. आता ज्याचा चेक परत गेला तो एकटाच चोर आणि आधीचे सगळे साव, असं कसं म्हणायचं? शेवटच्यानं एकच घेतलं. पहिल्यानंही एकच घेतलं होतं.

"आपली मराठी माणसं मॉरिशसला गेली ती १८३४ नंतर, मजुरीसाठी. तोवर ही कासवं संपली होती. आपण त्यात नाही," मी छाती फुगवून सांगितलं.

"पण आधी पोचलो असतो तर?"

मी तिच्या ताटात सुरमईची तुकडी वाढून विषय बदलला.

विषय बदलतो, पण संपत नाही. गणपतीला गावी गेलो. निघताना आईनं नेहमीप्रमाणे पासबुक हातात दिलं, "एवढं भरून आण रे स्टँडवर जाताजाता." अशी पासबुकं मी आयुष्यभर न बघता भरत आलोय. या वेळी बघितलं. वडील गेल्यावर आलेले पैसे पहिल्या पानावर होते. नंतर नुसत्या नावे रकमा. आठ हजार, धाकट्याच्या स्कूटरला. पंधरा, ताईकडच्या मुंजीला. दहा, थोरल्याच्या घराच्या रंगाला. सगळ्यांनी हक्कानं घेतलेले, सगळ्यांनी 'पुढल्या वर्षी देतो' म्हटलेले. त्यात तीन नोंदी माझ्या. माझी प्रत्येक नोंद इतरांपेक्षा लहान होती आणि इतकी वर्षं याचा मला अभिमान होता. शेवटच्या ओळीतली शिल्लक इथे लिहीत नाही.

तेव्हा बी.कॉम.ला न शिकवलेली एक गोष्ट कळली. घेताना आपण नेहमी रक्कम बघतो, शिल्लक बघत नाही. रक्कम लहान असली की माणूस निर्दोष वाटतो. स्वतःला तर फारच.

मी तोंड पाडून पासबुक परत दिलं. आई म्हणाली, "अरे, तुम्ही घेतलंत कुठे? मीच दिलं." कासवांनी दिलं नव्हतं, हा फरक आहे खरा. पण तो माझ्या बाजूनं जात नाही. देणारा हात आखडता घेत नाही, तेव्हा घेणाऱ्यानंच मोजायला नको का? एसटी वळणाआड जाईपर्यंत आई ओट्यावर बसून होती. घराकडे पाठ, रस्त्याकडे डोळे. पळता येत नाही, लढता येत नाही. पण पहारा चालू.

२००७ साली रॉड्रिग्जवर एक अभयारण्य उघडलं. तिथे अल्डाब्रा बेटाच्या जातीची मोठी कासवं आणून सोडली. अभयारण्याला नाव दिलंय लेगाचं! ज्यानं मिटक्या मारल्या, त्याचाच सत्कार. पण एक सांगतो, निदान त्यानं किती होती ते लिहून तरी ठेवलं. बाकीच्यांनी नुसती ढेकर दिली. ही नवी कासवं झाडांच्या बिया पसरतील, पाला खातील. पण ती पूर्वीची नव्हेत. नोटा रिझर्व्ह बँक पुन्हा छापते, रॉड्रिग्जचं कासव तिलाही छापता येत नाही. पैशाचं बरं असतं, ते परत करता येतात.

म्हणून भावंडांना फोन केले. थोडी भांडणं झाली, 'तुझेच जास्त' वगैरे झालं आणि शेवटी दर महिन्याला आईच्या खात्यात रक्कम जाईल अशी व्यवस्था केली. सांगितलं तर ती नको म्हणेल, म्हणून सांगितलं नाही.

परवा तिचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"अरे, तू बँकेतला ना? जरा बघ. कुणा बिचाऱ्याचे पैसे चुकून माझ्या खात्यात आलेत. ज्याचे त्याला परत कर हो!"