आजचं चिंतन : सोसायचं कोणी?



मागच्या आठवड्यात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर लिहिलं होतं. थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळं इंद्रियांच्या स्पर्शातून येतं, येतं आणि जातं, टिकत नाही, म्हणून अर्जुना, ते सोस. बऱ्याच जणांना ती पोस्ट आवडली. एकीने तर हॉस्टेलच्या गार पाण्याच्या बादलीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं 'तितिक्षा'. मीही खूश होतो. आज पुन्हा त्याच श्लोकावर येतोय, कारण ती पोस्ट टाकली त्याच रात्री मी तो श्लोक भलत्याच ठिकाणी लावला.

डिसेंबरभर मी घरी आहे, नागभीडला. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आणि आईबाबांना बरं वाटलं. मागच्या ओसरीत टेबल टाकलंय. समोर आमची वाडी. एक जुना आंबा, लिंबाची दोन झाडं, मेंदीचं कुंपण, कोपऱ्यात धानाच्या तणसाचा ढीग, आणि सगळीकडे पडलेला पाचोळा. पुण्यात खिडकीतून दिसते समोरच्या बिल्डिंगची खिडकी. इथे मीटिंग चालू असताना काळा थिरथिरा येऊन बांबूवर बसतो, शेपटी थरथरवतो आणि जातो. हिमालयापलीकडून थंडीपुरता आलेला पाहुणा तो. कॅमेरा बंद ठेवायचं माझं खरं कारण तोच आहे.

आमच्याकडची थंडी कोरडी. आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते आणि पहाटेपर्यंत पारा कोसळतो. ढग आले की तेच पांघरूण होतं, रात्र उबदार जाते. म्हणून इथली म्हातारी माणसं संध्याकाळी आधी वर बघतात आणि मग किती पांघरायचं ते ठरवतात. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं? किमान तापमान १० अंश किंवा त्याच्या खाली, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी, तेव्हा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. तेव्हा मी पुण्यात स्वेटर घालून विदर्भाचे मीम्स फॉरवर्ड करत होतो.

अशा रात्री आवाजही लांबून येतो. थंड हवा जमिनीलगत बसते, वर थोडी गरम हवा असते, आणि आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो. जंक्शनवरच्या गाडीची शिट्टी उशाशी वाजल्यासारखी वाटते. (नागपूरची छोटी लाईन २०१९ मध्ये बंद झाली, पण बाबांना अजून तिचीच शिट्टी ऐकू येते.) कुठल्यातरी गावात झाडीपट्टीचं नाटक असलं तर रात्री दोनला नायिकेचं रडणंसुद्धा स्पष्ट.

तर त्या रात्री मला जे ऐकू आलं, ते म्हणजे पिल्लांचं कुंईकुंई.

गल्लीतली एक पिवळी कुत्री आमच्या तणसाच्या ढिगाआड व्याली होती. चार पिल्लं, तीन-चार दिवसांची, डोळेही उघडले नव्हते. ओसरीतल्या थर्मामीटरवर झोपायच्या आधी अकरा अंश होते. पोस्ट टाकून, दोन-तीन लाईक बघून मी रजईत शिरलो. साधारण एक-दीडला आवाज सुरू झाला. कुत्री बहुतेक खायला शोधत बाहेर गेली असावी. मी ऐकत होतो. उठून एखादं पोतं टाकावं असं मनात आलं, हे खरं. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो फार सज्जन वेषात आला. म्हणाला, हे निसर्गाचं आहे. हजारो वर्षं कुत्री थंडीतच वितात. थंडी येते, जाते. सोसतील. आपण कोण मध्ये पडणारे? आणि गंमत म्हणजे हा विचार येताच मला शांत वाटलं. मी त्याला समत्व समजलो. झोपही लागली.

सकाळी साडेआठ अंश होते. आई शेण काढायला गेली आणि तिने हाक मारली. एक पिल्लू ढिगापासून हातभर लांब, ताठ पडलेलं. बाकीची तीन आईच्या पोटाशी. आईने विचारलं, "रात्री ओरडत होते ना रे? मले तं गोळीनं झोप लागली होती. तू जागा नव्हता का?"

मी म्हणालो, नाही.

हे खोटं त्या पिल्लापेक्षा जास्त टोचतंय की कमी, मला अजून सांगता येत नाही. नंतर वाचलं की इतक्या लहान पिल्लाला स्वतःचं शरीर गरम ठेवताच येत नाही. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, स्नायू हलतात, त्यातून उष्णता तयार होते. पहिल्या आठवड्यात पिल्लाकडे ती सोयसुद्धा नसते. म्हणजे ज्याला मी मनातल्या मनात सोसायला सांगत होतो, त्याच्याकडे सोसायचं साधनच नव्हतं.

त्या दिवशी काम झालं नाही. श्लोक पुन्हा उघडला. बग सापडला नाही की आपण आधी डॉक्युमेंटेशनला दोष देतो, तसं मलाही वाटलं की श्लोकातच काहीतरी गडबड आहे. 'सोस' हे सांगणं किती सोयीचं! मालक मजुराला सांगू शकतो, सासू सुनेला, मॅनेजर टीमला. रजईतला माणूस बाहेरच्याला.

पण नीट वाचलं तर तिथे तसं नाहीये. एकाच श्लोकात कृष्ण अर्जुनाला दोनदा हाक मारतो, एकदा आईच्या नावाने, एकदा कुळाच्या. एका माणसाला, समोरासमोर, त्याच्या स्वतःच्या दुःखाबद्दल सांगितलेली गोष्ट आहे ती. आणि सोसण्याचं ते क्रियापद आत्मनेपदी आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल, ज्या क्रियेचं फळ करणाऱ्याकडेच येतं ती आत्मनेपदी, असं आपल्याला शिकवलं होतं. व्याकरणातून धर्म काढू नये हे मला माहीत आहे, कित्येक आत्मनेपदी धातूंना तो नियम लागतही नाही. तरी त्या दिवशी मी त्या एका प्रत्ययाकडे बराच वेळ बघत बसलो. आणि आणखी एक. सांगणारा कुठे बसलाय? त्याच रथावर, अर्जुनाच्या पुढे, हातात लगाम, शस्त्र नाही. अर्जुनाला लागणारं ऊन त्यालाही लागणार, बाण आधी त्याच्याकडे येणार. तो तंबूत बसून सांगत नाहीये.

मग मला घोडे आठवले.

महाभारताच्या द्रोणपर्वात युद्धाचा चौदावा दिवस आहे. अभिमन्यू मारला गेलाय. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून कडक डेडलाईन मी तरी वाचलेली नाही. जयद्रथ अजून लांब असताना, रथाचे घोडे थकतात. अंगात बाण रुतलेत, तहानलेत. आणि युद्ध थांबतं. म्हणजे थांबत नाही, अर्जुन रथाखाली उतरून जमिनीवरून एकटा सगळं सैन्य अडवून धरतो. पाणी नाही म्हटल्यावर बाणाने जमीन फोडून पाणी काढतो. आणि कृष्ण घोडे सोडतो, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण उपटतो, त्यांना चोळतो, लोळू देतो, पाणी पाजतो, चारा देतो. मगच पुन्हा जुंपतो.

तेरा दिवसांपूर्वी ज्याने अर्जुनाला सोसायला सांगितलं, तोच हा. घोड्यांना त्याने श्लोक सांगितला नाही. त्याच्याकडे वेळ नव्हता ही सबबही होती, आणि ती खरी होती. माझ्याकडे फक्त रजई होती.

आता इथे एक अडचण आहे, आणि ती मी लपवत नाही. मग काय सगळ्यांनाच पांघरूण घालत फिरायचं? त्या सकाळनंतर दोन दिवस मी तसाच वेडा झालो होतो. लिंबाच्या झाडात फुलोरी माशांचं छोटं पोळं आहे, हाताच्या पंजाएवढं, उघड्यावर. गार सकाळी माशा त्याच्यावर एकावर एक थर करून बसतात, अंगांचाच पडदा करतात. मला वाटलं, यांच्यावर कापड बांधावं. बाबा म्हणाले, "ऊन कुठून येते ते पाह्य आधी." खरंच, पोळं बरोबर सकाळचं ऊन पडेल अशा फांदीवर आहे. मी कापड बांधलं असतं तर त्यांचं ऊनच अडवलं असतं. कुंपणावरचा सरडा सकाळी अंग काळपट करून उन्हाला आडवा होतो, तापला की पुन्हा फिका. तोही शिकूनच आलाय. आणि आंबा? आंब्याला गार रात्री मिळाल्याच पाहिजेत, त्यांच्यामुळेच पालवीऐवजी मोहोराची तयारी होते. जी थंडी बाबांचा खोकला वाढवते, तीच मार्च-एप्रिलमधल्या कैऱ्या ठरवते. उलट ढगाळ, दमट, आपल्याला सुखाची वाटणारी हवा आली की मोहोरावर तुडतुडे आणि भुरी. म्हणजे थंडी हटवून टाका असंही म्हणता येत नाही.

शेकोटीचंही तसंच. बाबांना सकाळी शेक लागतोच. मी पाचोळा ओढून पेटवत होतो, तर त्यातून एक भेंडकुळी, थंडीने बधिर, हळूहळू सरकत बाहेर आली. आता पाचोळा झाडाखालीच राहतो, वाळल्या काड्या आणि पऱ्हाट्या जाळतो. धूर जरा कमी होतो हा फायदा वेगळाच. पण काड्यांतही कोणीतरी असेलच. किती उकरणार? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. बाबांचा शेक मात्र बंद करणार नाही, एवढं ठरलंय. दुसऱ्याच्या वाट्याची थंडी सोसायची वेळ आली तर ती माझी असावी, बाबांची नको.

मग परवा काकाजी भेटले. आमच्या शेजारचे, साठीचे. त्यांच्या बांधीत धानाचे पुंजणे अजून उभे आहेत, मळणी व्हायचीय, म्हणून ते रोज रात्री जागलीला जातात. रानडुकरं एका रात्रीत पुंजणा उधळतात. शेत जंगलाला लागून, आणि आमचा भाग वाघांचा हे पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको. एकट्याने जाऊ नका असं वनखातं सांगतं, आणि काकाजींचा मुलगा आहे पुण्यात. माझ्यासारखाच.

मी विचारलं, "काकाजी, एवढ्या थंडीत कसं सहन होतं?"

ते बिडी विझवत म्हणाले, "सहन कोन करते गा? जागतो."

मला हे वाक्य दोन दिवस सुटलं नाही. माझ्या डोक्यात सोसणं म्हणजे निपचित पडणं होतं, रजईतलं. काकाजींच्या थंडीला हातपाय आहेत. ते जाळ घालतात, डबा वाजवतात, कांबळं कमी पडलं तर पोतं पांघरतात. थंडी वाजते, वाजू देतात, पण धानावरची नजर हटत नाही. श्लोक लागू करायचाच असेल तर त्यांना होतो, आणि त्यांनी तो वाचलेला नाही. पण हे मी इथे लिहितोय तेव्हाही मला भीती वाटते, की पुन्हा मी ओसरीत बसून दुसऱ्याच्या थंडीचं कौतुक करतोय. काकाजींना तितिक्षेची नाही, कुंपणाची गरज आहे. आणि सोबतीची.

पिल्लं तीन आहेत अजून. तणसाच्या आत पोतं आणि आईचं जुनं लुगडं टाकलंय, वरून पत्रा. कुत्रीला रात्री भात आणि वरण देतो, म्हणजे तिला बाहेर फिरावं लागत नाही. काल एकाचे डोळे किलकिले झाले. आईला काल संध्याकाळी सांगून टाकलं की त्या रात्री मी जागा होतो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मले माहीत होतं."

आज आकाश निरभ्र आहे, पारा उतरणार. काकाजींना विचारलंय, ते हो म्हणाले. आईने माझ्यासाठी मफलर आणि बाबांची जुनी टॉर्च काढून ठेवलीय. काकाजी म्हणाले, मोबाईल खिशात ठेव, मचाणावर उजेड नको. त्यामुळे उद्याची पोस्ट उशिरा येईल.