काळजी : एक शब्द, दोन क्रियापदे

मराठीत ‘काळजी’ हे नाम मुख्यतः दोन क्रियापदांबरोबर नांदते. काळजी ‘केली’ जाते आणि काळजी ‘घेतली’ जाते. पहिल्या प्रयोगात मनाचा घोर आहे, दुसऱ्यात हाताचे काम. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या आयुष्यात या दोन क्रिया एकमेकींपासून सोडवून दाखवता येत नाहीत. मूल चाळिशीला पोहोचते, आईवडील सत्तरी ओलांडतात, आणि ‘आमच्यामागे याचे कसे?’ हा एकच प्रश्न घरात उरतो. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकाने असे घर मराठी रंगभूमीवर आणले. या प्रश्नाला अलीकडच्या काळाने दिलेले एक उत्तर म्हणजे लहानसे निवासगृह : आठदहा प्रौढ रहिवासी, दोनतीन मदतनीस, एक सामायिक स्वयंपाकघर. तेथे काळजी घेणारी व्यक्ती रक्ताच्या नात्याची नसते, रात्री जागवणारा घोर तिच्या वाट्याला आलेला नसतो. म्हणून नैतिक प्रश्न असा उभा राहतो : घोरापासून अलग झालेली काळजी चांगली असू शकते काय, आणि तिचे चांगलेपण कशावरून ओळखावे?

सर्वांत सुलभ उत्तर नोंदवहीत मिळते. अंघोळ, जेवण, औषध, वजन, डॉक्टरांची भेट यांचे रकाने नियमाने भरलेले असतात. या उत्तराची हेटाळणी करण्याचे कारण नाही. जेथे हे रकानेही रिकामे राहिले, तेथील रहिवाशांनी त्याची किंमत देहाने मोजली आहे. तथापि नोंदवहीच्या भाषेकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात ‘जेवला’ नसते, ‘जेवू घातले’ असते. ‘झोपला’ नसते, ‘झोपवले’ असते. ‘फिरून आला’ नसते, ‘फिरवून आणले’ असते. दिवसाच्या साऱ्या वाक्यांत रहिवासी कर्म आहे, कर्ता कोणी दुसराच आहे. अशा नोंदवहीत एकही खोटे विधान नसूनही एका प्रौढ माणसाचा दिवस तिच्यातून निसटलेला असू शकतो.

हा दोष केवळ भाषिक नाही. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय निवासगृहातील काही मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीतील स्वच्छता या मुलींना सांभाळता येत नाही, असे समर्थन त्या वेळी पुढे आले. स्त्री संघटनांनी आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी तीव्र निषेध केला. प्रकरण देशभर गाजले. या घटनेतील विचार करण्याजोगा भाग असा की, समर्थनाची संपूर्ण भाषा काळजीचीच होती. स्वच्छता, आरोग्य, सुरक्षितता यांतील एकही शब्द क्रूर नाही. मात्र त्या शब्दांमागे ज्याची अडचण दूर होत होती तो बहुतांशी सांभाळणारा होता, आणि ज्याचा अवयव जात होता तो सांभाळला जाणारा होता. म्हणून कोणत्याही निवासगृहातील कोणत्याही नियमाला पहिला प्रश्न हा विचारावा लागतो : यामुळे श्रम कोणाचे वाचतात आणि मोल कोण देतो? संध्याकाळी सातला दिवे मालवण्याच्या नियमालाही तो विचारता येतो.

2009 साली हाच प्रश्न वेगळ्या रूपात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चंदीगडच्या शासकीय संस्थेत राहणारी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक प्रौढ तरुणी संस्थेतच झालेल्या बलात्कारातून गरोदर राहिली. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रौढ स्त्रीची संमती डावलता येत नाही, असे स्पष्ट केले. या निकालाची चर्चा बहुधा ‘इच्छा विरुद्ध संरक्षण’ अशा चौकटीत होते. परंतु प्रकरणाचा पूर्वार्ध ती चौकटच मोडतो. ज्या भिंती संरक्षणासाठी उभारल्या होत्या त्यांच्या आतच अत्याचार झाला होता. इच्छा आणि संरक्षण ही दोन परस्परविरोधी पारडी नव्हेत. जिला चहात साखर किती हे कधी विचारले गेले नाही, जिच्या दारावर टकटक न करता कोणीही आत येऊ शकते, जिने ‘नको’ म्हटल्याने दिवसात काहीही बदलत नाही, तिच्याजवळ संकटाच्या क्षणी वापरण्यासाठी ‘नको’ हा शब्द उरत नाही. उरलाच, तर तो ऐकण्याची सवय भोवतालच्यांना नसते. लहान नकारांचा मान राखणे हा सुरक्षिततेचाच पाया आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. काही रहिवासी बोलत नाहीत. काहींची इच्छा घटकेत पालटते. काहींची इच्छा त्यांनाच अपाय करणारी असते. मग कोणत्या इच्छेचा मान राखावयाचा? या आक्षेपाचे एक उत्तर मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या पानांतून सुचते. चक्रधरांच्या पश्चात त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या. गोविंदप्रभू लौकिक दृष्टीला वेडसर वाटत. भक्तांना ते ईश्वरावतार होते. या चरित्राला अक्षमतेच्या चौकटीत बसवणे अनुचित ठरेल. विचार करावयाचा तो सेवकांच्या दृष्टीचा. काय मागितले, काय भिरकावले, कोठे जाऊन बसले, कशाने रुसले, कशाने प्रसन्न झाले, हे सारे तेथे अर्थपूर्ण मानून टिपले आहे. ज्या वर्तनाचा अर्थ लागत नाही तेही निरर्थक नाही, ही त्या टिपणामागची श्रद्धा आहे. ईश्वरत्वाचा भाग वगळूनही ती निवासगृहात आणता येते. मान वळवणे म्हणजे नकार, एकाच खुर्चीचा हट्ट म्हणजे भय, हे ज्ञान असे वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून येते.

परंतु हे ज्ञान नोंदवहीत नव्हे, मदतनिसाच्या डोळ्यांत साठलेले असते. अपुऱ्या वेतनामुळे ती निघून गेली की ते तिच्याबरोबर जाते, आणि न बोलणारा रहिवासी पुन्हा एकदा मुका होतो. अमेरिकन तत्त्वज्ञ एव्हा फेडर किट्टे यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काळजी घेणाऱ्याची काळजी हा न्यायाचा प्रश्न मानला. त्यांच्या विचारामागे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीच्या मातृत्वाचा अनुभव होता. मदतनिसाचा पगार, तिची सुटी, तिची झोप या गोष्टी व्यवस्थापनाच्या सदरात टाकून नीतिविचाराला पुढे जाता येत नाही.

मग लहानपणा आणि प्रेम यांवर विसंबता येईल काय? 1964 मध्ये फ्रान्समधील त्रोली-ब्रय या खेड्यात ज्याँ व्हानिए यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या दोघांसह एका घरात राहण्यास आरंभ केला. त्यातून ‘लार्श’ ही चळवळ जगभर पसरली. भारतात 1970 साली बंगलोरला ‘आशा निकेतन’ सुरू झाले. ‘मदत’ऐवजी ‘सहवास’ ही या घरांची शिकवण मोलाची आहे. परंतु व्हानिए यांच्या निधनानंतर खुद्द लार्शने केलेल्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे 2020 मध्ये उघड झाले. 2023 च्या अहवालात अशा किमान 25 स्त्रियांचा उल्लेख आला. त्यांत बौद्धिक अक्षमता असलेली कोणी नव्हती. तरीही बोध स्पष्ट आहे : संस्थापकाचे तेजोवलय हे चांगल्या काळजीचे प्रमाण नव्हे. संस्थेने स्वतःची चौकशी स्वतः मागितली, ही त्या शिकवणीची खरी कसोटी ठरली. घर जितके लहान, तितकी त्याच्या दारातून बाहेरच्या माणसांची ये-जा अधिक हवी. बंद दारामागे प्रेमाचे स्वामित्व व्हावयास वेळ लागत नाही.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने पालकत्वाची व्यवस्था केली; 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगविषयक करार मान्य केला; 2016 च्या अधिनियमाने व्यक्तीशी विचारविनिमय करून घेतलेल्या निर्णयांवर आधारलेले मर्यादित पालकत्व आणले. कायदा अवधान उत्पन्न करू शकत नाही. पण तो काळजीला उपकाराच्या कक्षेतून काढून हक्काच्या कक्षेत आणतो, आणि त्यामुळे रहिवाशावरचे कृतज्ञ दिसण्याचे ओझे उतरते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे दुहेरी द्यावे लागते. आईवडिलांचा घोर मदतनिसाकडून मागणे अन्यायाचे आहे. त्याविनाही काळजी उत्तम घेता येते. मात्र घोराचा एक अंश संस्थेने स्वतःकडे राखला पाहिजे. अंघोळ, जेवण, औषध यांच्या शेजारी नोंदवहीत आणखी एक रकाना असावा : आज कोणी कशाला नकार दिला, आणि त्यामुळे काय बदलले. हा रकाना महिनोन्‌महिने कोरा राहिला तर घर शांत आहे असे समजू नये. काळजी करण्याची वेळ तीच.