डांबराचा डाग आणि निर्जरेचे तत्त्व

नुकतेच डांबरीकरण झालेल्या रस्त्यावरून गेलेल्या मोटारीच्या चाकांमागे आणि दारांच्या खालच्या कडेला जे काळे ठिपके बसतात, ते मोटारीच्या रंगाचा भाग नसतात आणि तरीही नुसत्या पाण्याने निघत नाहीत. बाहेरून आलेला, पण घट्ट चिकटलेला मळ मूळ वस्तूपासून वेगळा कसा करावा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी जीवाच्या संदर्भात मूलगामी रीतीने हाताळला आहे. अद्वैत वेदान्तानुसार आत्म्याची मलिनता हा अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीच्या धर्मांचा आरोप असल्याने ती ज्ञानानेच फिटते. जैन दर्शन मात्र कर्माला पुद्गल, म्हणजे खरेखुरे जडद्रव्य मानते आणि क्रोध, मान, माया व लोभ या कषायांमुळे ते जीवाला चिकटते, असे सांगते. त्यामुळे जैन मतानुसार मळ ओळखणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात म्हणूनच संवर, म्हणजे नव्या कर्माचा प्रवेश रोखणे, आणि निर्जरा, म्हणजे बांधलेले कर्म झडणे, ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानली आहेत.

डांबर हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारा जड अंश असल्याने तो पाण्यात नव्हे, तर रॉकेलसारख्या सजातीय द्रवात विरघळतो. रॉकेलमध्ये भिजवलेले मऊ फडके ठिपक्यावर थोडा वेळ धरले, की ठिपक्याची कड तपकिरी होऊन सुटू लागते आणि हलक्या हाताने पुसताच डाग फडक्यावर उतरतो; पात्याने खरवडल्यास मात्र रंगावरचा पारदर्शक संरक्षक थरही ओरबाडला जातो. जैन परंपरेने तपाच्या सहा बाह्य प्रकारांबरोबर प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान इत्यादी सहा आभ्यंतर प्रकार सांगितले, त्यामागेही हाच विवेक आहे. कारण कषाय तसेच ठेवून केलेला देहदंड चिकटपणाला हातच लावत नाही.

डाग निघाल्यावर रॉकेलचा तेलकट थर उरतो आणि तोही साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. त्याचप्रमाणे कुंदकुंदाचार्यांनी समयसार या ग्रंथात शुभ कर्मालाही बंधच मानले आहे, म्हणजे पापाबरोबर पुण्याचीही आसक्ती सुटली पाहिजे. मोटार दुसरा कोणी स्वच्छ करतो, जीवाला मात्र हे काम स्वतःच करावे लागते आणि त्यातूनच मान हा कषाय पुन्हा चिकटू शकतो. म्हणून आपल्या साधनेचाही अभिमान जो धुऊन टाकतो, त्याचीच शुद्धी पूर्ण म्हणावी.