अजातांचा हिस्सा

(सावंतवाडीचे निवृत्त मुन्सफ तात्या आणि डिचोलीत खनिजवाहतूक करणारा त्यांचा पुतण्या रघुनाथ यांच्यातील संवाद.)

रघुनाथ : तात्या, २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, पण दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते काही बंद झाले नाहीत. जे अद्याप जन्मासही आले नाहीत त्यांच्या खनिजावरील हक्कापायी जन्मलेल्यांनी उपाशी राहावे, हा कोणता न्याय? त्यांच्या वकीलपत्रावर सही तरी कोणाची?

तात्या : पाळण्यातले मूलही सही करीत नाही, म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. मिताक्षरा या हिंदू वारसाशास्त्राच्या परंपरेत वडिलोपार्जित मिळकतीवर पुत्राचा, आणि २००५ पासून कन्येचाही, हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. इतकेच नव्हे, तर वाटणीच्या वेळी जे गर्भात असेल त्याचाही हिस्सा राखावा लागतो.

रघुनाथ : गर्भातले मूल येणार हे निदान ठाऊक असते, शंभर वर्षांनंतरचा मनुष्य ही निव्वळ कल्पना.

तात्या : खाणीचा खड्डा भूजलपातळीखाली गेला की पाणी उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी आटतात, त्या विहिरीवर पुढे कोण घागर घेऊन येईल त्याचे नाव आज सांगता आले नाही, तरी कोणीतरी येणार यात संशय नाही.

रघुनाथ : पण कुटुंबावर आपत्ती आली असता मिळकत विकण्याची मुभा तेच वारसाशास्त्र कुटुंबाच्या कर्त्याला देते ना?

तात्या : देते, परंतु ती गरज खरी होती हे शाबीत करण्याची जबाबदारी खरेदीदारावर पडते. अजातांचा हक्क उपभोगाला मज्जाव करीत नाही, उपभोग घेणाराकडे कारण मागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणींना सरसकट मनाई न करता वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के स्थायी निधीत ठेवण्यास फर्मावले, ते याच न्यायाने.

रघुनाथ : दहा टक्क्यांनी ऋण फिटले?

तात्या : माझ्या मते नाही. लोहखनिज पुन्हा उगवत नाही, तेव्हा त्याची किंमत हे उत्पन्न नसून मुद्दल आहे; काढण्याचा आणि वाहण्याचा खर्च वजा जाता जे उरेल ते सारे निधीत जावे आणि आजच्या पिढीने त्याच्या व्याजावर संतोष मानावा. तुझे भाडे तुझ्या श्रमाचे, ते तुला पुरते मिळावे.

रघुनाथ : माल कमी निघाला की खेपाच कमी होतात, त्याचे काय?

तात्या : ते नुकसान खरे आहे, त्याची भरपाई मात्र ज्यांनी नफा घेतला त्यांनी आणि ज्यांनी परवाने दिले त्या सरकारने करावी. तुझ्या नातवंडांच्या मुद्दलातून ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.