उपासनेची वाणी आणि अंतःकरणाची वाणी

ईश्वराची उपासना ज्या भाषेत करावयाची ती एक, आणि अपराधी मन ज्या भाषेत त्याच्याकडे क्षमायाचना करते ती दुसरी, अशी स्थिती ज्या समाजाच्या वाट्यास आली, त्याच्या श्रद्धेचे अधिष्ठान या दोहोंपैकी कोठे शोधावे?

चीनच्या कान्सू प्रांतात, लिंशियाच्या शुष्क डोंगराळ मुलखात राहणारा दोंगशियांग समाज हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. सुन्नी पंथाचा हा मुसलमान समाज 2010 च्या खानेसुमारीत सहा लाखांहून अधिक भरला. त्याची घरची बोली मात्र मंगोल कुळातील असून, अरबी, फारसी, तुर्की आणि चिनी शब्द तिने निःसंकोच आपलेसे केले आहेत. नमाज अरबीत, सरकारी दप्तर चिनीत, आणि लेकराची समजूत या बोलीत, असा तेथील व्यवहार आहे.

अरबीचे महत्त्व येथे उणे लेखण्याचे कारण नाही. कान्सूचा शेतकरी आणि नागपूरजवळच्या खापरखेड्याचा कामगार, परस्परांचा एक शब्दही न समजता, नमाजाच्या एकाच पंक्तीत उभे राहू शकतात, हे सामर्थ्य त्या स्थिर, सामायिक वाणीचेच होय. परंतु पठणाने जे कंठस्थ होते, ते आचरणात उतरावयाचे तर शेजाऱ्याची क्षमा मागताना, मृताच्या आप्तांचे सांत्वन करताना, मुलास खोटे न बोलण्याची शिकवण देताना, त्याला मायबोलीचाच आश्रय घ्यावा लागतो. तेथे ती उपासनेची दासी नसून तिची सहधर्मिणी असते.

आपल्या महाराष्ट्रास हा अनुभव परका नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत रचला, तेव्हा मुसलमान कुळातील या संताची अध्यात्मचिंता मराठीत सहज नांदली.

म्हणून बहुसंख्याकांची भाषा किंवा धर्मग्रंथाची भाषा तेवढीच पुरेशी, असे मानून एखादी अल्पसंख्य बोली अस्तंगत होऊ देणे, ही केवळ भाषाशास्त्राची हानी नव्हे. त्या बोलीत ज्यांनी आपल्या ईश्वराशी जिव्हाळ्याचे नाते जोडले, त्यांच्या धर्मजीवनाचा तो संकोच आहे. आणि अशी बोली जतन करण्याचे कर्तव्य तिच्या भाषकांइतकेच त्यांच्यावर सत्ता चालविणाऱ्यांवर आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांवरही येते.