पोळ्याच्या बैलामागचा काळ

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात देऊळघाटाजवळून वाहते. पाणी ओसरले की नदीकाठच्या दरडीत माती, वाळू, गोटे असे थर उघडे पडतात. आपल्या नद्यांच्या अशाच थरांनी एका अवघड विचाराला पुष्टी दिली: एखादी प्राणिजात कायमची नाहीशी होऊ शकते.

हा विचार माणसाला सहज सुचलेला नाही. अचाट काही दिसले की आपण त्यामागे असुर पाहिला. याच जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराला लवणासुराची कथा चिकटली. युरोपातही ईश्वराच्या सृष्टीतून काही गळत नाही, अशी श्रद्धा होती. १७९६ मध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी भारतीय आणि आफ्रिकी हत्तींची हाडे मॅमथच्या हाडांशी ताडून पाहिली आणि मॅमथ ही आज कुठेही नसलेली जात आहे, असे मांडले.

मग आपल्या नद्यांची पाळी आली. ह्यू फाल्कनर यांनी नर्मदेच्या गाळातल्या हत्तीला आणि रानबैलाला नदीवरूनच ‘नामाडिकस’ हे नाव दिले. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेल्या तशाच हत्तीचे वर्णन गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरा-गोदावरीच्या गाळातली दगडी हत्यारे अभ्यासली, तेव्हा या प्राण्यांच्या काळातला माणूसही अधिक ओळखीचा झाला. अजिंठ्याच्याच रांगेत, चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. ज्याने ती नक्षी कोरली, त्याच्या ओळखीचा पक्षी आज भारतात नाही.

अलीकडे विचार आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. २०२१ च्या एका अभ्यासानुसार आपल्याकडचे मोठे प्राणी सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीपासून नाहीसे होऊ लागले. ‘नामाडिकस’ हत्ती गेला, पाणघोडा गेला. तरी अमेरिकेच्या मानाने इथली हानी कमी झाली. माणूस आणि प्राणी इथे फार काळ शेजारी राहिले, म्हणून प्राण्यांना माणसापासून सावध राहणे जमले, असे संशोधकांना वाटते.

आणि तो रानबैल? रानातला वंश संपला, पण वशिंडाची आपली गुरे त्याच्याच कुळातली मानतात. पोळ्याला आपण ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्याच्या अंगात तो हरवलेला काळ अजून जिवंत आहे. चित्त्याला मात्र शेजार पुरला नाही. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले.

वाळूउपशाबरोबर नदीकाठचे हे थरही ट्रॉलीत भरून जातात. विहीर खणताना किंवा दरड कोसळल्यावर दगडासारखे जड हाड दिसले, तर ते फोडू नका, जागचे हलवू नका. तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाला कळवा. ती आपल्याच शेजाऱ्याची हाडे आहेत.