पाला ओळखणारे हात

बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात नरक्या नावाचं झाड वाढतं. त्याची फुलं उग्र वासाची, कुणी देवाला वाहणार नाही अशी. पण याच झाडातल्या कॅम्पटोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं बनतात. हे जगाला कळलं, मागणी वाढली आणि सह्याद्रीत नरक्या बुंध्यापासून तोडला जाऊ लागला.

झाडपाल्याचं औषध देणारा जाणता माणूस असं करत नाही. खोडाची साल सगळीकडून सोलली की झाड मरतं, हे तो जाणतो. म्हणून तो एका बाजूची थोडीच साल काढतो. त्याची शाळा रानातच भरते. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. त्यांतली नेमकी निवडायला नजर आणि हात वर्षानुवर्षं घडावे लागतात.

बेळगावात शहापूरला 1933पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. रान आणि प्रयोगशाळा यांच्यात फार अंतर नाही. चरकसंहितेनंही म्हटलं आहे, की वनस्पतींची नावं आणि रूपं गुराखी, मेंढपाळ, वनवासी जाणतात; पण देश, काळ आणि रोगी पाहून त्या योजतो तो उत्तम वैद्य.

म्हणजे गुराख्याकडून शिकण्यात वैद्याला कमीपणा नाही आणि वैद्याला विचारण्यात गुराख्याला. आपणही कुणाच्या सांगण्यावरून काढा उकळण्याआधी जाणकाराला विचारावं. किती घ्यायचं हे कळणं जितकं मोलाचं, तितकंच किती शिल्लक ठेवायचं हे कळणंही.